उकिरड्याचे पांग

वाचकहो, हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे. त्याची पाने उलटण्यापूर्वी एक विचित्र प्रश्न विचारते. हा अंक खाता येईल का? साहित्यिक अर्थाने नव्हे. तशी अंक चघळण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहेच. शब्दशः खाऊन पोट भरेल का?

प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. कागदाचा बहुतेक भाग सेल्युलोज नावाच्या पदार्थाचा असतो, आणि सेल्युलोज म्हणजे साखरच. ग्लुकोजचे, म्हणजे द्राक्षशर्करेचे, हजारो मणी एकापुढे एक ओवून केलेली ती लांबलचक माळ. शंभर ग्रॅम शुद्ध सेल्युलोजचे सारे मणी सुटे केले, तर ग्लुकोज शंभर नव्हे, १११ ग्रॅम मिळते. कारण मणी सुटताना पाण्याचा एकेक रेणू त्याच्या वाट्याला येतो. गृहिणीच्या हिशेबाने व्यवहार फायद्याचाच म्हणायचा. तरीही रद्दीवाल्याकडून जुने अंक आणून कोणी लाडू वळल्याचे ऐकिवात नाही.

मौज अशी की ताटातला भात आणि अंगातला सुती सदरा हे दोन्ही याच एका साखरेचे बनलेले आहेत. मणी तेच, ओवण्याची तऱ्हा तेवढी वेगळी. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना मी हे विचारले, तेव्हा त्यांनी खडू उचलला आणि शिक्षकांच्या खोलीतल्या सूचनाफलकावर दोन माळा काढून दाखवल्या. भाताच्या पिष्टात सारे मणी एकाच बाजूला तोंड करून ओवलेले असतात. त्यामुळे माळ वळत जाते आणि तिची चकली होते. चकलीच्या वेढ्यांत पाणी शिरायला जागा असते, म्हणून पिष्ट फुगते, मऊ होते, पचते. सेल्युलोजमध्ये दर दुसरा मणी उलटा असतो. एवढ्या एका उलटेपणामुळे माळ वळत नाही, काडीसारखी सरळ राहते. अशा सरळ माळा शेजारी शेजारी निजतात, एकमेकींना घट्ट धरतात आणि खराट्याच्या हिरांसारखी त्यांची जुडी बनते. जुडीत पाण्याच्या थेंबालाही शिरकाव नाही. म्हणून तांदूळ शिजतो, सदरा शिजत नाही. धोब्याने तो भट्टीत उकळावा, दगडावर आपटावा. बटणे फुटतात, कापूस टिकून राहतो.

झाडाच्या अंगचा हा पदार्थ प्रथम वेगळा काढून ओळखला तो आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनज्ञाने, १८३८ साली. आपल्या पोटातले पाचक रस चकलीला बरोबर बसतात. काडीपुढे त्यांचे काही चालत नाही. म्हणून पालेभाजीतला चोथा आपल्या पोटातून बहुतांशी जसाच्या तसा पुढे जातो. आपलेच काय, गाईचेही तेच. वसुबारसेला जिला आपण ओवाळतो, त्या गोमातेच्या स्वतःच्या शरीरात गवताची ही काडी मोडणारा पाचक रस तयार होत नाही. हे मला कळले त्या दिवशी मी खरोखर अवाक झाले. मग ती जगते कशावर?

आणि प्रश्न एकट्या गाईचा नाही. पृथ्वीच्या पाठीवरची झाडे, गवते, पिके दरवर्षी अब्जावधी टन सेल्युलोज तयार करतात. सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत एवढ्या विपुल प्रमाणात दुसरे काही नसेल. ते सारे जर धोब्याच्या दगडाला दाद देत नसेल, तर कोट्यवधी वर्षांच्या पाल्यापाचोळ्याचे ढीग हिमालयाएवढे व्हायला हवे होते, आणि हवेतला सारा कर्ब त्यांत अडकून पडला असता. तसे झाले नाही, कारण ते कोणीतरी खात आले आहे. उघड्या हवेत हे काम मुख्यतः बुरशी करते. हवा जिथे पोचत नाही तिथे, म्हणजे चिखलाच्या तळाशी, गाईच्या पोटात, वाळवीच्या आतड्यात, शेणाच्या ढिगाच्या गाभ्यात, ते काम करणारे जंतू निराळे आहेत. त्यांतल्या एकाची ही हकीकत.

त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम. नावाला दचकू नये. मराठी शिकवणाऱ्या बाईला शब्द फोडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी ते फोडले. थर्मो म्हणजे उष्ण, सेलम हे सेल्युलोजवरून. आणि क्लॉस्ट्रिडियमच्या मुळाशी सूत कातण्याच्या चातीचा ग्रीक शब्द आहे. या घराण्यातले जंतू लांबट काडीसारखे असतात आणि संकटकाळी त्यांच्या अंगात एक कणखर बीजाणू तयार होतो. त्या बीजाणूने अंग फुगते, तेव्हा ते सूत गुंडाळलेल्या टकळीसारखे दिसते. म्हणजे कापूस खाऊन फस्त करणाऱ्या प्राण्याला टकळीचे नाव! मुद्दाम ठेवायचे म्हटले असते तरी इतके चपखल सुचले नसते. पण शास्त्रज्ञांना नावे बदलण्याची भारी हौस. २०१८ साली याचे नाव हंगेटीक्लॉस्ट्रिडियम केले गेले, आणि थोड्याच काळात तेही मोडीत निघून ॲसिटिव्हिब्रियो थर्मोसेलस हे नाव आले. सासरी दोनदा नाव बदललेल्या मुलीला माहेरी जुन्याच नावाने हाक मारतात, तसे मी याला इथे जुन्याच नावाने संबोधणार आहे.

याला दोन गोष्टी लागतात: कडक ऊब आणि हवेचा पूर्ण अभाव. साठ अंश सेल्सियस ही त्याची आवडती उष्णता. एवढ्या गरम पाण्यात आपल्याला हात धरवत नाही. खेड्यातला उकिरडा थंडीच्या सकाळी उकरला की आतून वाफ निघते; तो असल्या जीवांचा मुलूख. तिथे ही सोय त्यांना कोण करून देते? ढिगाच्या वरच्या थरातले हवेवर जगणारे जंतू. ते खातात, श्वास घेतात, उष्णता निर्माण करतात आणि आत शिरणारा प्राणवायू वाटेतच संपवतात. त्यांच्या हातून नकळत गाभ्यात एक बंद, गरम खोली तयार होते. अशीच जागा निसर्गात उष्ण झऱ्यांच्या काठीही मिळते.

हवेशिवायही जीव जगू शकतो हे लुई पाश्चर यांनी १८६१ साली दाखवले, तेव्हा विद्वानांना ते पचायला जड गेले होते. जगतो एवढेच नाही, तर यांतल्या पुष्कळांना हवा विषासारखी बाधते. शास्त्रज्ञांची खरी पंचाईत इथेच झाली. ज्याला आपण श्वास घेतो ती हवाच मारते, त्याला पाळायचे कसे? आणि उकिरड्यात तो एकटा थोडाच असतो! शेकडो जातींच्या गर्दीतून नेमका हाच वेगळा काढायचा कसा? १९२६ साली अमेरिकेत व्हिल्योन, फ्रेड आणि पीटरसन या तिघांनी खतातून हा जंतू मिळवून त्याचे बारसे केले खरे. पण पुढची कित्येक वर्षे संशोधकांना एकच अनुभव येत होता. गर्दीसह वाढवला तर तो कागद खातो, गर्दी दूर करून एकटा करू गेले की खाईनासा होतो. आपण शुद्ध म्हणून काढला तो खरोखरच तोच जंतू आहे की त्याचा कोणी शेजारी, याचीही खात्री देता येत नव्हती.

ही कोंडी फोडण्याचे मोठे श्रेय रॉबर्ट हंगेट या अमेरिकन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाला आहे. मधल्या काळात याला ज्यांचे नाव मिळाले होते ते हेच. १९०६ साली जन्मलेले हे गृहस्थ ९८ वर्षे जगले. त्यांनी सुरुवात केली वाळवीच्या आतड्यापासून आणि पुढे ते गाईच्या पोटाकडे वळले. त्यांची युक्ती एखाद्या सुगरणीला शोभेल अशी आहे. आपण ज्या चायना ग्रासचे पुडिंग करतो, ते आगर त्यांनी पातळ करून काचेच्या नळीत घेतले. नळीत तापलेल्या तांब्यावरून नेलेला वायू सोडला. गरम तांबे उरलासुरला प्राणवायू शोषून घेते. आगरात अगदी बारीक वाटलेले सेल्युलोज कालवले आणि थोडे जंतू सोडले. मग बूच घट्ट लावून नळी थंड पाण्यात आडवी धरून गरगर फिरवली. आगर नळीच्या आतल्या भिंतीवर पातळ थरात गोठले, धिरडे तव्यावर पसरावे तसे. सेल्युलोजमुळे तो थर दुधाळ, अपारदर्शक दिसतो. काही दिवसांनी त्यात ठिकठिकाणी स्वच्छ गोल खिडक्या पडतात. प्रत्येक खिडकीच्या मध्यभागी एक ठिपका: सेल्युलोज खाणाऱ्या एकाच जंतूची संतती. बाकीची गर्दी दुधाळ भागात तशीच बसून राहते. १९४० नंतरच्या दशकात या मार्गाने काम सुरू झाले, आणि १९४८ मध्ये मॅकबी यांनी आपल्या उष्णताप्रेमी टकळीचे शुद्ध वाण वाढवून तिच्या राहणीचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला.

गाईच्या कोड्याचेही उत्तर हंगेट आणि त्यांच्या बरोबरीच्या संशोधकांनी दिले. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठा रांजणच आहे, आणि त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जंतू नांदतात. गवत खातात ते, आणि त्यांनी टाकलेल्या आम्लांवर गाय जगते. तिथली उष्णता ३९ अंशांच्या आसपास, तेव्हा ते जंतू आपल्या टकळीच्या घराण्यातले नव्हेत तर दूरच्या गोतातले. पण व्यवसाय एकच. आपण गाईला चारा घालतो म्हणतो, ते खरे पाहता तिच्या भाडेकरूंना घालतो.

आता तो कागद खातो कसा ते पाहू. गाळणकागदाची एक पट्टी, थोडे क्षार आणि हा जंतू, हवा काढलेल्या नळीत साठ अंशांवर ठेवला, की प्रथम पट्टी पिवळी पडते. हा जंतू एक पिवळा रंग तयार करतो आणि तो कागदाच्या तंतूंना चढतो. तो चढला की पाचक रस तंतूला अधिक चांगले धरतात, असे आढळले आहे. म्हणजे आधी हळद लागते, मग पुढचे विधी. त्यानंतर पट्टी मऊ होते, तिचे धागे सुटतात, आणि शेवटी नळी हलवली की जिथे कागद होता तिथे नुसता गढूळपणा उरतो. सल्फ्युरिक आम्लासारख्या जहाल द्रव्यांनी कारखान्यात जे करावे लागते, ते हा मुठीत न मावणारा नव्हे, डोळ्यांना न दिसणारा जीव नुसत्या कोमट-कढत पाण्यात करतो.

त्याचे गुपित उलगडले १९८३ साली, आणि तेही एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे जाताना. एडवर्ड बायर आणि राफाएल लॅमेड हे इस्रायलमधले दोन संशोधक विचारत होते की हा जंतू सेल्युलोजला इतका घट्ट चिकटतो कशाने? पचन हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांना गोंद हवा होता. त्यांनी जंतूंचा मिश्र जमाव पुन्हा पुन्हा सेल्युलोजवरून नेला आणि जे चिकटत नाहीत, निसटून जातात, तेच दर वेळी वेचून घेतले. अशा रीतीने त्यांना एक ‘न चिकटणारे’ वाण मिळाले. मग मूळच्या चिकटणाऱ्या जंतूंची लस सशाला टोचली. सशाच्या रक्तात जंतूच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली. ते रक्तजल त्यांनी न चिकटणाऱ्या जंतूंबरोबर मिसळले. दोघांत सारखे होते ते सारे त्यांनी शोषून घेतले. मागे उरली फक्त गोंद ओळखणारी प्रतिद्रव्ये. वजाबाकीचा इतका देखणा उपयोग मी शाळेच्या अंकगणितात कधी पाहिला नव्हता.

त्या प्रतिद्रव्यांनी गोंद पकडून बाहेर आणला. तो एखादे साधे प्रथिन असेल अशी अपेक्षा होती. निघाले ते एक अवाढव्य प्रकरण: हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे एकवीस लाखपट वजनाचे, आणि त्यात एक नव्हे, चौदा निरनिराळी प्रथिने एकत्र. त्यांतली बरीचशी सेल्युलोज तोडणारी एन्झाइमे, म्हणजेच पाचक द्रव्ये. चिकटणे आणि पचवणे ही दोन कामे मुळी वेगळी नव्हतीच. या यंत्राला त्यांनी सेल्युलोसोम असे नाव दिले.

पुढच्या काळात त्याची रचना उलगडत गेली. ती समजायला आपल्या जुन्या घरातले खुंटाळे आठवावे. भिंतीला ठोकलेली लाकडी पट्टी आणि तिच्यावर ओळीने बसवलेल्या खुंट्या. या जंतूपाशी एक लांब प्रथिन आहे, तीच पट्टी. तिला नऊ खुंट्या. जंतूच्या प्रत्येक पाचक द्रव्याला शेपटीसारखा एक अडकवण्याचा फास असतो. फास खुंटीत गेला की असा बसतो की प्रथिनांच्या दुनियेतल्या अत्यंत घट्ट गाठींत त्याची गणना होते. मात्र या फासाला कॅल्शियम, म्हणजे आपल्या चुन्यातला तो धातू, लागतो. तो काढून घेतला तर फास आपला आकार धरीत नाही आणि सारा बाडबिस्तरा सुटतो. पट्टीवर खुंट्यांखेरीज एक पंजाही असतो, तो सेल्युलोजला धरून ठेवतो. पट्टीचे दुसरे टोक जंतूच्या अंगावरच्या अशाच दुसऱ्या, मोठ्या खुंटाळ्यात अडकते. त्यांतल्या एकाला सात खुंट्या आहेत. सात पट्ट्या, प्रत्येकीवर नऊ, म्हणजे एका ठिकाणी त्रेसष्ट हत्यारे.

आणि हत्यारे एकाच जातीची नव्हेत. पट्टीला खुंट्या नऊच, पण फास असलेली प्रथिने या जंतूच्या जनुकांत सत्तरांहून अधिक निघाली. कोणी माळ मधेच छाटते, कोणी सुटलेले टोक धरून पुढे सरकत दोन दोन मणी तोडते, कोणी जुडीवर चढलेली दुसऱ्या शर्करांची साल सोलते. समोर कापूस आहे की गवत, त्याप्रमाणे जंतू खुंट्यांवर कोणती हत्यारे किती लावायची ते बदलतो. एकाने पाडलेल्या खाचेत शेजारच्याने लगेच घाव घालायचा, हे जमते ते सारे एकाच पट्टीवर असल्यामुळे. सुटे फिरणारे कारागीर एकमेकांना शोधण्यात वेळ घालवतील.

हे एवढे अवडंबर कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता. बुरशी तर असे काही करीत नाही. सेल्युलोज खाणाऱ्या बुरशींत सर्वांत नामांकित ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे कुजवल्याबद्दल ती पकडली गेली आणि पुढे तिच्यापासूनच कारखान्यांसाठी पाचक द्रव्ये बनू लागली. ती आपली पाचक द्रव्ये भोवताली सढळ हाताने ओतते. काही वाहून गेली, काही शेजाऱ्यांनी वापरली, तरी तिला पर्वा नसते. तिला ते परवडते, कारण ती श्वास घेते. प्राणवायूच्या साह्याने ग्लुकोजचा एक मणी पूर्ण जाळला, तर पेशीला शक्तीची तीसएक नाणी मिळतात. हवेवाचून जगणाऱ्याला त्याच मण्यातून मिळतात दोन, फार तर चार. एवढ्या तुटपुंज्या प्राप्तीत हत्यारे उधळून कसे चालेल? त्याला ती खुंटीला टांगून, स्वतःच्या अंगाशी बांधूनच ठेवली पाहिजेत, आणि तोडलेला घास दुसऱ्याच्या तोंडी जाण्यापूर्वी आत घेतला पाहिजे. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतरचा संसार ज्यांनी केला आहे त्यांना हे अर्थशास्त्र वेगळे समजावून सांगायला नको.

काटकसरीचा पुढचा प्रकार तर थक्क करणारा आहे. तोडलेली साखर पेशीच्या आत घ्यायची म्हणजे दर खेपेला दार उघडण्यासाठी शक्तीचे नाणे मोजावे लागते. पण हे भाडे खेपेचे, माणशी नव्हे. एक मणी आत न्या की चार, भाडे तेच. तेव्हा शहाणा काय करील? माळेचे सुटे मणी करून एकेक आत नेण्याऐवजी तो चार चार मण्यांचे तुकडे आत ओढील आणि घरात बसून फोडील. डार्टमथ महाविद्यालयातील झांग आणि लिंड यांनी २००५ साली मोजून दाखवले की हा जंतू सरासरीने नेमके चार मण्यांच्या आसपासचेच तुकडे उचलतो. आत ते फोडण्याची रीतही अशी की फोडता फोडताच पुढच्या कामाची थोडी तयारी होऊन जाते आणि आणखी नाणी वाचतात. या सवयीचा परिणाम असा की त्याला सुटे ग्लुकोज आयते वाढले, तर ते खायला तो किती तरी वेळ तयार होत नाही. कागद द्या, लगेच सुरुवात!

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गवताच्या काडीवर झायलोज नावाच्या दुसऱ्या शर्करेच्या माळांचे आवरण असते. ते सोलण्याची हत्यारे या जंतूपाशी आहेत, पण झायलोज त्याला स्वतःला खाता येत नाही. तो साल काढतो ती आतल्या सेल्युलोजपर्यंत पोचण्यासाठी, आणि काढलेली साल शेजारी टाकून देतो. ती खाणारे उष्णताप्रेमी जंतू तिथे असतातच. तो स्वतः जे टाकतो, म्हणजे मद्यार्क, सिरक्यातले आम्ल, हायड्रोजन वगैरे, तेही वाया जात नाही. हायड्रोजन आणि कर्बवायू घेऊन मिथेन तयार करणारे आणखी एक सूक्ष्मजीव शेवटच्या पंगतीला बसलेले असतात. ही माणसे, चुकले, हे जंतू, एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एका प्रसिद्ध मिथेनकारी जंतूला शास्त्रज्ञ कित्येक वर्षे एक समजत होते. ते दोघे आहेत, आणि एकाच्या उष्ट्यावर दुसरा जगतो, हे मार्व्हिन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली सिद्ध केले. शुद्ध केलेला जंतू ‘खाईनासा’ का होत असे, त्याचाही थोडा उलगडा इथे होतो.

हीच पंगत आपल्या गोबर गॅसच्या टाकीत बसते. मुंबईला त्याची ओळख फार जुनी. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा ज्वालाग्राही वायू मिळवण्यात आला होता. पुढे जशभाई पटेल यांनी शेणासाठी तरंगत्या झाकणाची टाकी बसवून दाखवली आणि १९६० नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने ती खेडोपाडी नेली. घरगुती टाकी साठ अंशांवर तापत नाही, म्हणून तिथे टकळीचे थंड हवेतले गोतावळ्यातले लोक काम करतात. पण शेणातल्या चोथ्याचा पहिला धागा तोडणारा कोणीतरी लागतोच. तो संपावर गेला तर मागच्या साऱ्या पंगतीची पाने रिकामी.

आता हे सारे दिवाळी अंकात सांगण्याचे कारण. नेमक्या दिवाळीच्या सुमारास उत्तरेत, पंजाब-हरियाणात, भात कापून झाल्यावर उरलेला पेंढा शेतातच पेटवून देतात आणि त्या धुरात दिल्ली गुदमरते. आपल्याकडे उसाचे पाचट जाळतात, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळतात. जळते ते काय? ग्लुकोजच्या माळा. आणि दुसरीकडे, २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली, ती मुख्यतः ऊस, मका आणि तांदूळ यांच्या जोरावर. माणसाच्या ताटातली चकली मोटारीच्या टाकीत आणि न खाता येणारी काडी आगीत, हा हिशेब मला तरी उलटा वाटतो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या पेरणीला त्याच्या हातात दिवस थोडे असतात आणि पेंढ्याला गिऱ्हाईक नसते.

काडीपासून इथेनॉल करता येत नाही असे नाही. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल मिळवावे, अशी ती योजना आहे. पण अशा कारखान्यांत पेंढा आधी उष्णतेने आणि रसायनांनी खिळखिळा करावा लागतो, मग त्यात बुरशीपासून काढलेली पाचक द्रव्ये ओतावी लागतात, आणि मग यीस्टकडून साखर आंबवून घ्यावी लागते. तीन स्वयंपाकघरे, तीन खर्च. आणि पाचक द्रव्यांचे बिल कमी नसते.

उकिरड्यातला आपला जंतू ही तिन्ही कामे एकाच भांड्यात करतो. स्वतःची हत्यारे स्वतः बनवतो, काडी तोडतो, आणि मद्यार्कही काढतो. मग अजून त्याला नोकरीवर का घेतले नाही? कारणे आहेत. एक तर तो निव्वळ मद्यार्क करीत नाही. त्याबरोबर आम्ले करतो, आणि थोडा मद्यार्क साठला की त्याची वाढ मंदावते. संशोधकांनी त्याच्या जनुकांत फेरफार करून आम्लांच्या वाटा बंद केल्या. २०१६ साली अशा सुधारलेल्या वाणाकडून लिटरमागे पंचवीस ग्रॅमपर्यंत इथेनॉल मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. रानटी पूर्वजाच्या मानाने ती मोठी झेप, पण मक्याच्या आसवन्यांत लिटरमागे शंभर ग्रॅमची पातळी सर्रास ओलांडली जाते, त्यापुढे हे तुटपुंजेच. जितका मद्यार्क विरळ तितके तो वेगळा काढायला इंधन जास्त.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. लाकडात आणि पेंढ्यात सेल्युलोजच्या जुड्या लिग्निन नावाच्या पदार्थाने लिंपलेल्या असतात, विटा सिमेंटने लिंपाव्यात तशा. हवेवाचून जगणाऱ्या या जंतूला ते लिंपण फोडता येत नाही. नरम गवताचा बराचसा भाग तो खातो आणि मग थांबतो. उरलेले सेल्युलोज भिंतीआड राहते.

यावर लिंड यांच्या गटाने जो उपाय योजला तो मला फार आवडला. त्यांनी रसायने वापरली नाहीत. गवत जंतूंच्या हवाली केले, आणि ते खात असतानाच त्याच भांड्यात गोळ्या फिरवून सतत दळत राहिले. दळणाने नवनवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि जंतूंना पंजा रोवायला जागा मिळते. २०१७ साली त्यांनी दाखवून दिले की अशा दळत्या भांड्यात वाळलेल्या गवताचा पुष्कळच अधिक भाग पचतो. बुरशीच्या पद्धतीतल्या यीस्टला असली घुसळण सोसत नाही. हा चिवट जीव मात्र गोळ्यांच्या माऱ्यात तग धरतो. आता प्रश्न उरला आहे तो गोळ्या फिरवायला लागणाऱ्या विजेचा. खाल्लेले गवत पुन्हा पुन्हा तोंडात आणून दळायचे आणि जंतूंकडे परत पाठवायचे, हे काम गाय दिवसातले सात-आठ तास डोळे मिटून करते, आणि तिला मीटर बसवलेला नसतो.